सतत गळणाऱ्या आणि चोंदणाऱ्या नाकासाठी नसेवरचा उपचार: निर्णयापासून तीन महिन्यांनंतरच्या हिशेबापर्यंत

काही माणसांची सर्दी कधी जातच नाही. ताप नाही, अंग दुखत नाही, पण नाकातून पाणी चालूच असतं. जेवायला बसलं की रुमाल लागतो, गार हवेत बाहेर पडलं की धार लागते, रात्री कूस बदलली की एक नाकपुडी बंद होते आणि दुसरी उघडते. घशात मागच्या बाजूने कफ उतरत राहतो आणि दिवसभर खाकरावं लागतं. गोळ्या झाल्या, फवारे झाले, वाफ झाली, तरी फरक तेवढ्यापुरताच. अशा लोकांना आता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यावर एक नवा पर्याय ऐकायला मिळतो. नाकात बारीक उपकरण घालून नाकाच्या मागच्या भागातली नस गोठवायची किंवा तापवायची, म्हणजे नाकाला मिळणारा पाणी सोडण्याचा हुकूम कमी होतो.

उपचार खरा आहे, त्याचा पाया शरीररचनेत पक्का आहे आणि योग्य माणसाला त्याने चांगला आराम पडतो. पण योग्य माणूस कोण, हे ठरवण्याचं अर्धं काम दवाखान्याच्या बाहेर, रुग्णाने स्वतः करायचं असतं. ते न करता खुर्चीत जाऊन बसणाऱ्यांची निराशा होते, म्हणून या लेखात मी त्या आधीच्या कामावर जास्त भर दिला आहे.

नस मध्ये कुठे येते

नाकाच्या आतल्या अस्तरात हजारो सूक्ष्म ग्रंथी असतात. हवा ओलसर करणं आणि धूळ पकडून बाहेर काढणं हे त्यांचं काम. किती पाणी सोडायचं याचा हुकूम येतो परानुकंपी मज्जासंस्थेकडून, म्हणजे आपल्या इच्छेवर न चालणाऱ्या, आपोआप काम करणाऱ्या मज्जासंस्थेच्या एका शाखेकडून. हे तंतू मेंदूच्या देठातून चेहऱ्याच्या नसेबरोबर निघतात, पुढे व्हिडियन नावाच्या नसेतून नाकामागच्या एका गुच्छात पोचतात आणि तिथून पश्च नासिका नसा म्हणून नाकात शिरतात. शिरण्याची मुख्य जागा नाकाच्या बाजूच्या भिंतीवर, मधल्या टर्बिनेटच्या मागच्या टोकाजवळ असते. टर्बिनेट म्हणजे नाकाच्या भिंतीवरून आत झुकलेल्या हाडाच्या वळकट्या, ज्यांच्यावर मऊ, रक्ताने फुगणारं अस्तर असतं.

हेच तंतू तिथल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात. त्यामुळे हुकूम जास्त झाला की दोन गोष्टी होतात: ग्रंथी पाणी सोडतात आणि अस्तर फुगून नाक चोंदतं. गार हवा, उग्र वास, धूर, तिखट जेवण अशा साध्या कारणांनीही ज्यांचं नाक वाहू लागतं, त्यांच्यात ही यंत्रणा गरजेपेक्षा जास्त तत्पर असते.

नस तोडून नाक कोरडं करण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश सर्जन गोल्डिंग-वुड यांनी 1961 मध्ये व्हिडियन नस कापण्याची शस्त्रक्रिया मांडली. नाक थांबायचं, पण डोळ्यात अश्रू आणणारे तंतूही त्याच नसेतून जात असल्याने डोळे कोरडे पडायचे. गाल आणि टाळू बधिर होण्याचे प्रकारही व्हायचे. पुढे जपानमध्ये किकावादा यांनी आणखी पुढच्या टप्प्यावर, म्हणजे अश्रूंचे तंतू वेगळे झाल्यानंतर, फक्त नाकाकडे जाणाऱ्या शाखा कापण्याची पद्धत रुळवली. आजची उपकरणं याच जागेवर काम करतात. फरक इतकाच की चिरा नाही, बहुतेक वेळा पूर्ण भूलही नाही, आणि नस कापण्याऐवजी अस्तराच्या वरूनच तिच्यावर थंडीचा किंवा उष्णतेचा मारा केला जातो.

यातून एक मर्यादाही निघते. नाकाला जाणाऱ्या शाखा एकाच दाराने येत नाहीत. काही बारीक शाखा टाळूच्या हाडातल्या छोट्या छिद्रांतून वेगळ्या वाटेने शिरतात. त्यामुळे उपचार कितीही नीट झाला तरी नाकाचा सगळा पुरवठा बंद होत नाही, आणि होऊही नये, कारण ठार कोरडं नाक हे वाहत्या नाकाहून जास्त छळतं.

पहिली पायरी: तुमची सर्दी कुठल्या जातीची

जुनाट सर्दीचे ढोबळ तीन गट पडतात. ॲलर्जीची, बिनॲलर्जीची आणि दोन्ही मिसळलेली. खाज आणि ओळीने शिंका, डोळे चुरचुरणं, ठरावीक ऋतूत किंवा धूळ-प्राण्यांच्या सहवासात वाढणं ही ॲलर्जीची लक्षणं. खाज नाही, शिंका कमी, पण हवा, वास, तापमान किंवा जेवण बदललं की पाणी, हे बिनॲलर्जीचं चित्र. उतारवयात नुसतं पाणी गळण्याची तक्रारही याच गटात येते. त्वचेवरची किंवा रक्ताची ॲलर्जी चाचणी करून घेतली तर अंदाजावर राहावं लागत नाही.

नसेचा उपचार दोन्ही गटांत वापरला गेला आहे, पण तो ॲलर्जी बरी करत नाही. खाज आणि शिंकांच्या मागे मुख्यतः हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीत शरीरातच सुटणारं एक रसायन असतं, त्यावर नसेचा ताबा थोडाच. ज्याची मुख्य तक्रार खाज आणि शिंका आहे, त्याने आधी ॲलर्जीचे उपचार पुरे करावेत. त्यात इम्युनोथेरपीही, म्हणजे ॲलर्जीच्या पदार्थाची शरीराला थोडीथोडी सवय लावण्याचा उपचारही आला.

मग औषधांची यादी काढा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या, ॲस्पिरिन आणि त्या जातीची वेदनाशामकं, यांनी नाक गळू किंवा चोंदू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. गरोदरपण आणि मंदावलेली थायरॉइड हीसुद्धा नाक चोंदण्याची कारणं आहेत.

नाक चटकन मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब रोज घालत असाल तर तो वेगळाच आजार आहे. हे थेंब फार तर तीन ते पाच दिवस वापरायचे असतात. महिनोन् महिने वापरले की थेंबाचा असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. ही सवय सुटल्याशिवाय चोंदण्याचं खरं मूळ कळत नाही, त्यामुळे नसेच्या उपचाराचा विचार तोवर थांबवा.

आता सगळ्यात गंभीर भाग. पुढचं काही असेल तर ती साधी सर्दी धरून चालू नका:

- पाणी फक्त एकाच नाकपुडीतून, स्वच्छ, पातळ, पुढे वाकलं की टपटपणारं, चवीला खारट किंवा धातूसारखं. विशेषतः डोक्याला मार लागल्यावर किंवा नाकाच्या, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर. हे मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्यासाठी बीटा-2 ट्रान्सफेरिन ही चाचणी आहे.
- एकाच बाजूने बंद नाक, त्यातून रक्त, चेहऱ्याला सूज किंवा बधिरपणा, दृष्टीत फरक.
- घट्ट पिवळा-हिरवा, दुर्गंधी येणारा स्राव, गालात-कपाळात दुखणं, वास जाणं. इथे सायनसचा संसर्ग किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे मऊ कोंब, शोधावे लागतात.

पहिल्या प्रकारात तर नाकात कुठलंही उपकरण जाण्याआधी निदान झालंच पाहिजे.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

या उपचारावरच्या अभ्यासांत वापरलेलं मोजमाप इतकं सोपं आहे की ते घरी वापरता येतं. चार लक्षणं घ्यायची: नाक गळणं, नाक चोंदणं, नाकाची खाज, शिंका. प्रत्येकाला रोज रात्री 0 ते 3 गुण. 0 म्हणजे त्रास नाही, 1 म्हणजे आहे पण सहज चालवून घेता येतो, 2 म्हणजे जाणवत राहतो आणि कटकट होते, 3 म्हणजे कामात किंवा झोपेत अडथळा येतो. बेरीज जास्तीत जास्त 12.

दोन आठवडे लिहा. शेजारी एक ओळ: आज कशाने वाढलं, कुठलं औषध घेतलं. डॉक्टरांसमोर बसल्यावर माणूस कालचाच दिवस आठवून सांगतो. पंधरा रात्रींचे आकडे खोटं बोलत नाहीत.

वहीत मुख्य पाहायचं ते हे की बेरीज कुठून येते. गळण्याला रोज 2-3 गुण पडत असतील तर नसेचा उपचार विचारात घेण्याजोगा आहे. मोठ्या अभ्यासांत रुग्ण घेताना गळण्याचे किमान 2 आणि चोंदण्याचा किमान 1 गुण ही अट होती, म्हणजे उपचाराचा फायदा तपासला गेला तोच मुळात वाहत्या नाकाच्या माणसांवर. गळणं 0 आणि चोंदणं 3 असेल तर वाट बहुधा वेगळी आहे. दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा, मोठं झालेलं खालचं टर्बिनेट, पॉलिप किंवा श्वास घेताना आत ओढली जाणारी नाकाची कड, यातलं काहीही नस गोठवून सरळ होत नाही.

तिसरी पायरी: औषधं खऱ्या अर्थाने वापरून पाहणं

सगळे फवारे वापरून झाले असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण फवारा चुकीच्या जागी मारत आलेले असतात. हा भाग म्हणून बारकाईने लिहितो.

आधी नाक हलकेच शिंकरा. नवी बाटली असेल तर धुकं दिसेपर्यंत हवेत दाबा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुका. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर तिथली त्वचा सोलवटून रक्त येतं. दाबताना साधा श्वास घ्या, जोरात ओढू नका. घशात कडू चव आली तर औषध नाकात राहिलं नाही, पोटात गेलं.

स्टेरॉइडचा फवारा, उदाहरणार्थ फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, गरजेपुरता मारून चालत नाही. रोज, किमान चार आठवडे, मगच निकाल. ॲझेलास्टिनचा फवारा ॲलर्जी असो वा नसो, दोन्हीकडे उपयोगी पडतो. नुसतं पाणी गळणाऱ्यांसाठी इप्राट्रोपियमचा फवारा विचारा. तो नसेकडून ग्रंथीला जाणारा निरोपच अडवतो, म्हणजे उपकरण जे काम मुळाशी करतं तेच हा काही तासांपुरतं टोकाशी करतो. त्याने नाक थांबत असेल तर तुमच्या गळण्यात नसेचा हात मोठा आहे, हे डॉक्टरांना कळतं. काचबिंदूचा काही प्रकार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं स्वस्त आहे आणि पुढे उपचारानंतर ते लागणारच आहे, त्यामुळे आताच हात बसवून घ्या. पाणी निर्जंतुक, डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलंच हवं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. हा संसर्ग दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो.

हे सगळं नीट करून वहीतली बेरीज खाली आली, तर उपकरणाची गरज उरत नाही. तसं झालं तर आनंदच.

चौथी पायरी: तज्ज्ञांशी बोलणं

नाकाची दुर्बिणीने तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नका. मागच्या टोकापर्यंत उपकरण पोचायला जागा आहे का, पडदा आड येतो का, पॉलिप किंवा संसर्ग आहे का, हे दुर्बिणीशिवाय कळत नाही. गरजेप्रमाणे सीटी स्कॅनही होतो.

सध्या दोन मुख्य पद्धती आहेत. थंडीच्या पद्धतीत, उदाहरणार्थ क्लॅरिफिक्समध्ये, टोकाला छोटा फुगा असतो, त्यात नायट्रस ऑक्साइड सोडून अस्तर आणि त्याखालची नस गोठवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला 2017 मध्ये परवानगी दिली. उष्णतेच्या पद्धतीत रेडिओलहरी वापरतात. राइनएअर या उपकरणाला 2019 मध्ये तिथे परवानगी मिळाली. ते ऊतीचं तापमान सुमारे 60 अंश सेल्सिअसवर धरून ठेवतं आणि एकेका जागेवर साधारण 12 सेकंद काम करतं. न्यूरोमार्क हे तिसरं उपकरणही रेडिओलहरींवर चालतं, पण ऊतीचा विद्युत विरोध मोजून ऊर्जा आवरतं.

कुठलं चांगलं, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत असं की उपकरणाच्या नावापेक्षा करणाऱ्याचा हात आणि तुमची निवड बरोबर झाली आहे का, याला जास्त वजन द्यावं. तुमच्या शरीराच्या काही गोष्टी मात्र पद्धत ठरवतात. थंडीने अंगावर गांधी उठत असतील, थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील किंवा रक्तात थंडीने साकळणारी प्रथिनं असतील, तर गोठवण्याची पद्धत टाळतात. पेसमेकर किंवा शरीरात दुसरं विद्युत उपकरण असेल तर रेडिओलहरींआधी हृदयरोगतज्ज्ञांचं मत लागतं. रक्त पातळ करणारी औषधं, रक्त न गोठण्याचा आजार, गरोदरपण, नाकातला चालू संसर्ग, भूल देणाऱ्या औषधाची ॲलर्जी, हे सगळं न विचारता स्वतः सांगा. मोठे अभ्यास प्रौढांवर झाले आहेत, त्यामुळे मुलांसाठी हा मार्ग आज धरू नये.

डॉक्टरांना विचारण्याजोगे प्रश्न: माझ्यासारख्या किती जणांवर तुम्ही हे केलं आहे आणि त्यांना काय फरक पडला? नंतर रक्त आलं तर रात्री कोणाला फोन करायचा? फरक पडला नाही तर पुढे काय? आणि एकूण खर्च लेखी मागा, विमा कंपनीकडून मंजुरीही लेखी घ्या, कारण काही ठिकाणी हा उपचार अजून प्रायोगिक धरून नाकारला जातो.

यश म्हणजे नेमकं काय

जाहिरातीत टक्केवारी येते तेव्हा तिच्यामागची व्याख्या पाहावी लागते. गोठवण्याच्या पद्धतीचा जो तुलनात्मक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 127 जणांचा हिशेब आहे. निम्म्यांवर खरा उपचार, निम्म्यांवर उपकरण नुसतं नाकात घालून केलेला खोटा उपचार, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नाही. 90 दिवसांनी खऱ्या गटात 73.4 टक्के, खोट्या गटात 36.5 टक्के लोक यशस्वी ठरले. रेडिओलहरींच्या 2021 च्या अशाच अभ्यासात तीन महिन्यांनी हे आकडे 67.5 आणि 41 टक्के होते. दोन्हीत यशाची व्याख्या एकच: बेरीज किमान 30 टक्क्यांनी कमी होणं.

हे वहीवर मांडून पाहा. समजा गळणं 3, चोंदणं 2, खाज 0, शिंका 1, बेरीज 6. उपचारानंतर गळणं 2 आणि चोंदणं 1 झालं तर बेरीज 4. तिसरा हिस्सा कमी झाला, अभ्यासात हा माणूस यशस्वी म्हणून मोजला जाईल. पण त्याच्या खिशात रुमाल अजून आहे. काहींची बेरीज यापेक्षा कितीतरी जास्त उतरते, काहींची तितकीही नाही.

आणि खोट्या उपचाराने दहातल्या जवळपास चौघांना बरं वाटलं, याचा अर्थ ती माणसं खोटारडी नव्हती. त्रास सर्वांत वाढलेला असतो तेव्हाच माणूस डॉक्टरांकडे जातो, आणि पुढे तो थोडा आपोआप उतरतो. शिवाय नीट लक्ष दिलं गेलं याचाही परिणाम होतो. दोन आकड्यांतलं अंतर हीच उपकरणाची खरी कमाई, आणि ती दोन्ही अभ्यासांत स्पष्ट दिसते. मात्र दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवून एक पद्धत दुसरीहून सरस ठरवू नका. दोन्हीत रुग्ण निवडण्याच्या अटी वेगळ्या होत्या.

असर किती टिकतो? दोन वर्षांपर्यंतच्या नोंदी प्रसिद्ध आहेत आणि त्यांत बहुतेकांचा आराम टिकलेला दिसतो, पण इतक्या लांब काळात तुलनेसाठी खोट्या उपचाराचा गट उरलेला नव्हता. गोठवलेल्या नसेचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे तिचे तंतू पुन्हा वाढू शकतात, हेही लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: उपचाराचा दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल काही दिवस आधीच विचारून ठेवा, मनाने थांबवू नका. नुसती जागा सुन्न करून करणार असतील तर हलकं खाऊन जा. रिकाम्या पोटी खुर्चीत भोवळ येण्याची शक्यता वाढते. परत नेणारं कोणी बरोबर असावं.

यातला सर्वांत लांब भाग असतो सुन्न करण्याचा. अस्तर आक्रसवणारं आणि सुन्न करणारं औषध लावलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात मागपर्यंत सरकवतात आणि वीसेक मिनिटं तशाच ठेवतात. औषध घशात उतरतं, कडू लागतं आणि गिळताना घसा फुगल्यासारखा, जड वाटतो. गिळणं चालू असतं, फक्त जाणवत नाही. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो. त्यानंतर बहुतेक ठिकाणी मागच्या भागात बारीक सुईने भुलीचं इंजेक्शन देतात. त्यात ॲड्रिनलिन असेल तर मिनिटभर छाती धडधडते आणि मग शांत होते.

या टप्प्यावर घाई होऊ देऊ नका. दुर्बीण आत गेल्यावर मागे टोचल्यासारखं वाटलं तर हात वर करा आणि आणखी थांबायला सांगा. पाच मिनिटं जास्त गेल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष काम थोडं असतं. गोठवताना फुगा जागेवर टेकवून अर्धा ते एक मिनिट धरतात, आत दाब आणि गारवा जाणवतो. मग तो आपोआप सुटा होईपर्यंत हलायचं नाही, कारण चिकटलेला फुगा ओढला तर अस्तर फाटतं. रेडिओलहरींमध्ये टोक एका जागी टेकवून काही सेकंद, मग शेजारच्या जागी, असं प्रत्येक बाजूला अनेक ठिकाणी करतात. ऊब आणि कधी दातांकडे जाणारी कळ जाणवते.

गोठवण्याच्या पद्धतीत खरं दुखणं नंतर येतं. काही मिनिटांनी कपाळात, डोळ्यामागे किंवा गालात अचानक जोराची कळ उठते, घाईघाईने बर्फ खाल्ल्यावर येते तशी, पण लांबणारी. साधारण तास-दोन तासांत ती उतरते. वेदनाशामक आधीच द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. कळ येणार हे ठाऊक असलेला माणूस ती निभावून नेतो.

सहावी पायरी: नंतरचे दिवस

पहिले काही दिवस नाक आधीपेक्षा जास्त चोंदेल. सूज असते. पाणीही काही काळ जास्तच येईल, त्यात रक्ताची छटा असेल. या दिवसांत वही लिहा, पण निकाल लावू नका.

- नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून द्या.
- सुमारे आठवडाभर जड उचलणं, जोराचा व्यायाम आणि फार गरम पाण्याची अंघोळ टाळा.
- डॉक्टर सांगतील तेव्हापासून मिठाच्या पाण्याने दिवसातून दोन-तीनदा नाक धुवा.
- खपल्या बोटाने किंवा चिमट्याने काढू नका.

खपल्यांचं हे शेवटचं कलम सगळ्यात जास्त मोडलं जातं. उपचार झालेल्या जागेजवळूनच नाकाच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी जाते. खपली आपली आपण सुटेपर्यंत खालचं अस्तर भरून येतं. ओढून काढली तर भरून न आलेली जागा उघडी पडते. एकदोन आठवड्यांनी, सगळं ठीक आहे असं वाटत असताना अचानक रक्त येण्याचं हे एक कारण आहे.

रक्त आलं तर बसा, पुढे झुका, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून 15 मिनिटं सलग धरा, मध्ये सोडून पाहू नका. तोंडात आलेलं रक्त थुंका. मान मागे टाकून झोपू नका, कारण रक्त घशात उतरतं आणि किती गेलं ते कळत नाही. तेवढ्याने थांबलं नाही, किंवा घशात धारेने उतरत असेल, तर सरळ तातडीच्या विभागात जा.

टाळू किंवा वरचे दात काही दिवस बधिर वाटणं, कानात दडा बसणं, नाक कोरडं पडणं हे होऊ शकतं आणि बहुधा उतरतं. डोळे कोरडे पडणं विरळ, पण जाणवलं तर सांगा. ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा घाण वास असेल तर वाट पाहू नका.

चालू असलेले फवारे कधी पुन्हा सुरू करायचे हे डॉक्टर सांगतील. ॲलर्जी असलेल्यांना ते बहुधा लागतातच, फक्त कमी प्रमाणात भागेल अशी आशा धरता येते.

सातवी पायरी: तीन महिन्यांनी वही उघडणं

फरक चार ते बारा आठवड्यांत हळूहळू दिसतो. तीन महिने झाले की पुन्हा दोन आठवडे त्याच पद्धतीने गुण लिहा. शक्यतो पहिली नोंद ज्या औषधांवर असताना केली होती, तीच औषधं आताही असावीत. ऋतू बदललेला असेल तर तेही लिहा, विशेषतः ॲलर्जी असेल तर.

गळण्याचे गुण उतरले आणि चोंदण्याचे तसेच राहिले, तर नसेने आपलं काम केलं आहे. आता पडदा, टर्बिनेट आणि नाकाची कड यांची तपासणी नव्याने करून घ्या. उलट गळणंही जसंच्या तसं असेल तर पुन्हा उपचाराला होकार देण्याआधी निदानच परत तपासायला सांगा: पाणी एकाच बाजूने येतं हे नजरेतून सुटलं का, एखादी गोळी कारण आहे का, घशात उतरणारा कफ खरं तर पोटातल्या आम्लामुळे आहे का. आधी चांगला फरक पडला आणि वर्ष-दीड वर्षाने नाक पुन्हा वाहू लागलं, अशा माणसाला दुसऱ्यांदा करण्याचा विचार करता येतो. पहिल्या वेळी काहीच फरक पडला नाही, अशाने मात्र त्याच जागेवर तोच उपचार पुन्हा घेण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं आणि जाताना दोन्ही वेळच्या नोंदींची वही बरोबर न्यावी.